नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे आभार

ऑगस्ट २०१९, सांगली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी कृष्णा ५७ च्या वर गेलेली. मी एसटीतून रिटायर झालेला माणूस, मिसेस गेल्यापासून गावभागातल्या घरात मी आणि दोन कुत्री, मोत्या आणि चिंगी, एवढंच. रोजचं काय ते पहाटे घाटावर फिरायचं, येताना दूध, मग पेपर वाचताना चिंगी पायावर झोपणार... आणि इथं तर जिन्याच्या सातव्या पायरीला पाणी! पहिली बोट आली ती म्हणाली आजोबा तुम्ही चला, कुत्री नाही, मी म्हटलं मग तुम्ही जावा. (चूक त्यांची नाही ओ, माणसंच एवढी अडकलेली.)

दुसऱ्या दिवशी दोन पोरं आली, एकाच्या अंगात फाटका रेनकोट, काही न बोलता मोत्याला, २८ किलोचं धूड ते, खांद्यावरच टाकलं त्यानं आणि चिंगीला माझ्या शबनम पिशवीत. नंतर ज्या ताईंनी गच्चीवरची खोली दिली, रोज दोघांना दूधभाकरी घातली, आणि तो जनावरांचा डॉक्टर, पुराच्या पाण्यातनं लेप्टोचा आजार (लेप्टोस्पायरोसिस) होतो म्हणून तपासून गेला, पैसे घेतलेच नाहीत, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

मोत्या आता थकलाय, पण रेनकोटवाला कोणी दिसला की अजून शेपूट हलवतो. पोरांनो, कधी घाटाकडं आलात तर चहाला या.