जमिनीतून निघालेलं नाणं दाखवायचं कुणाला? सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना कोल्हापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शेतात सापडणाऱ्या जुन्या वस्तूंची नोंद करण्याची सोय कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात व्हावी, याबाबत.

महोदय, सविनय नमस्कार.

मी करवीर तालुक्यातला शेतकरी. जुनी नाणी जमवायचा नाद शाळेपासूनचा. अलीकडं ऊस तुटून रान मोकळं झालं की मेटल डिटेक्टर घेऊन स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या रानात फिरायचा छंद लागला आहे. मालकाला विचारल्याशिवाय मी कुणाच्या बांधावर पाय ठेवत नाही. गड, देवळं, बारवा, समाध्या यांच्या आसपास यंत्र बाहेरही काढत नाही. तरीही हातात यंत्र दिसलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "गुप्तधन शोधताय काय?" हा प्रश्न का येतो ते मला कळतं. लिंबू-कुंकू आणि मांत्रिक घेऊन रात्री देवळामागं खड्डे पाडणारी माणसं आपल्याकडं आहेत, आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी प्रकारांचा उल्लेख करावा लागला तो उगीच नाही. पण त्या लोकांना आणि माझ्यासारख्याला शासन आज एकाच नजरेनं बघतं. किंबहुना, बघतच नाही. म्हणून हे पत्र.

माझं मागणं एकच आहे. जमिनीत काही जुनं सापडलं तर ते न घाबरता दाखवायला आणि नोंदवायला कोल्हापुरात एक जागा द्या.

कोल्हापूरसाठी हे मागणं जास्त महत्त्वाचं का, ते ब्रह्मपुरीवरून सांगतो. पंचगंगेच्या काठावरच्या या टेकडीवर 1877 मध्ये स्तूपाच्या अवशेषात एक दगडी पेटी निघाली. आत स्फटिकाचा करंडक आणि पेटीच्या झाकणावर ब्राह्मी अक्षरं. त्याच सुमारास तिथं शिशाची नाणी मिळाली. नाण्यांच्या एका बाजूला धनुष्यबाण आणि भोवती राजांची नावं : वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर. यातल्या काही नाण्यांवर दोन ठसे आहेत, म्हणजे आधीच्या राजाचं नाणं घेऊन पुढच्यानं त्यावरच आपला ठसा मारला. कोण आधी आणि कोण नंतर, हे अभ्यासकांनी त्यावरून ठरवलं. कुठल्याही पोथीत नसलेली कोल्हापूरच्या राजांची वंशावळ आपल्याला शिशाच्या त्या मळकट तुकड्यांनी सांगितली आहे.

पुढं 1945-46 मध्ये ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी डेक्कन कॉलेजतर्फे ब्रह्मपुरीवर उत्खनन केलं. त्याच्या थोडं आधी तिथंच कांस्याच्या वस्तूंचा साठा हाती लागला होता. त्यात पोसायडन होता, ग्रीकांचा समुद्रदेव, उंचीला वीतभरही नाही. आज तो टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. समुद्रापासून एवढ्या आत, सह्याद्रीच्या अलीकडं हा देव आला कसा, याचं उत्तर रोमशी चाललेल्या व्यापारात आहे. आणि ते देता येतं, कारण ती मूर्ती कुठं आणि कशाच्या सोबत मिळाली हे माहीत आहे. तीच मूर्ती कुणी गुपचूप उचलून मुंबईच्या एखाद्या दलालाला विकली असती, तर आज परदेशातल्या कुठल्या तरी दिवाणखान्यात 'रोमन कांस्यमूर्ती' एवढीच तिची ओळख उरली असती. कोल्हापूरचं नावही तिला चिकटलं नसतं.

जुन्या वस्तूची निम्म्याहून जास्त माहिती ती जिथं पडली होती त्या मातीत असते. म्हणूनच मी या यंत्राबद्दल इतका आग्रही आहे. ते नीट हातात असलं तर उपकारक आहे, आणि चुकीच्या हातात गेलं तर त्याच्याइतकं घातक दुसरं काही नाही.

यंत्राचं काम तसं साधं आहे. खालच्या कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, तिथल्या धातूत बारीक विद्युतप्रवाह फिरू लागतात, आणि त्यांचं उत्तर कॉइल परत पकडते. लोखंडाचा आवाज घोगरा येतो, तांब्या-चांदीचा खणखणीत. शिशाचा मधला, आणि गुटख्याच्या पुडीतल्या चंदेरी कागदाचाही जवळपास तसाच. त्यामुळं कचरा वेचल्याशिवाय गत्यंतर नसतं. पन्हाळा-शाहूवाडीकडच्या जांभ्याच्या तांबड्या मातीत लोहच इतकं असतं की यंत्र सारखं फसवं बोलत राहतं. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत ओळखू येते. म्हणजे नांगराच्या फाळानं दर वर्षी उलथीपालथी होणारा जो थर, तेवढाच. त्या थरातली वस्तू मुळातच जागची हललेली असते. ती उचलून नोंदवली तर नुकसान काही होत नाही, उलट खतांनी आणि रोटाव्हेटरनं तिचा भुगा व्हायचा वाचतो. त्याखालचा न हललेला थर मात्र उत्खनन करणाऱ्या जाणकारांचा. तिथं आमच्यासारख्यानं खुरपंही लावू नये, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. शासनानं तो सगळ्यांना घालावा.

गेल्या हंगामातली गोष्ट. तुटलेल्या फडात पाचट बाजूला ओढून फिरत होतो. बांधापासून थोडं आत यंत्र एकाच जागी, दोन्ही बाजूंनी फिरवलं तरी स्वच्छ वाजलं. खुरप्यानं ढेकूळ उचललं, हातानं फोडलं, आत हिरवा गंज चढलेली तांब्याची जाड चकती. पाणी लावलं नाही. घरी सावलीत वाळू दिली आणि मऊ ब्रशनं माती झाडली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडं 'छत्र' आणि त्याखाली 'पति'तला अर्धाच 'प', कारण ठसा कडेबाहेर घसरलेला. शिवराई! शिवराया आपल्याकडं दुर्मीळ नाहीत, लाखांनी पाडल्या गेल्या असतील. पण ही आमच्या गावच्या मातीतली. पूर्वी कुणाच्या तरी कनवटीला असलेली ती चकती बघताना माझ्या म्हाताऱ्या वडिलांचे डोळे भरून आले.

गट नंबर, बांधापासूनचं अंतर, खोली, वजन, दोन्ही बाजूंचे फोटो अशी सगळी नोंद केली आणि जवळच्या एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथल्या माणसानं विचारलं, "सोन्याचं आहे का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग कशाला आणलं?" शेजारच्यानं समजुतीच्या सुरात सांगितलं, "पाव्हणं, कशाला नादाला लागता? पंचनामा झाला की रान अडकून पडेल." कुणी उद्धटपणे वागलं नाही, हे मुद्दाम सांगतो. त्यांच्याकडं त्यासाठी वहीच नव्हती. मी लेखी अर्ज दिला, पोच घेतली आणि घरी आलो. त्यापुढं काही झालं नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. आपल्याकडं अजून 1878 चा निखात निधी कायदा चालतो. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद. 1878 मध्ये दहा रुपये ही मोठी रक्कम होती, आज त्यात चहाचा कपही मुश्किलीनं येतो. म्हणजे कायद्याच्या अक्षराप्रमाणं नांगरटीत शिवराई सापडलेला प्रत्येक शेतकरी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दारात उभा राहिला पाहिजे. मग जाहीर सूचना, दावेदारांसाठी किमान चार महिन्यांची मुदत, चौकशी. कुणी मालक निघाला नाही तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं, एक चतुर्थांश जागेच्या मालकाचं. आणि शासनाला ती वस्तू हवी असेल तर मोबदला काय? धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. वर सांगितलेल्या विळिवायकुर-सिवलकुर राजांचं शिशाचं नाणं उद्या कुणाला सापडलं, तर त्याला भंगारच्या शिशाचा भाव मिळणार आणि वर वीस टक्के! असं असताना कोण प्रामाणिकपणे घेऊन येईल?

येत नाहीतच. चांदीचं असेल तर सराफाकडं आटतं. तांब्याचं असेल तर चिंच-मिठानं घासून लख्ख करतात. त्यात अक्षरं जातात, गंजाचा जो थर नाण्याला जपत होता तोही जातो. उरलेलं पोरांच्या खेळण्यात. गावोगावच्या पांढरीची टेकाडं, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागा, जेसीबीनं उकरून वीटभट्टीला आणि रानात टाकायला नेल्या जातात. त्या मातीसोबत काय काय जातं, कुणी मोजलेलं नाही. मेटल डिटेक्टरवाल्यांना दोष देताना हेही ध्यानात घ्यावं.

या यंत्राचा एक धागा कोल्हापूरजवळून जातो. दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्यानं स्कॉटलंडमध्ये असताना एका माणसाला हातात धरून चालवता येईल असा सुरुंगशोधक तयार केला. 1942 मध्ये इजिप्तमधल्या अल अलामेनच्या वाळवंटात त्यानं असंख्य सैनिकांचे प्राण वाचवले. पुढच्याच वर्षी त्याच पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित कोल्हापूरजवळच्या आपल्या वळिवड्यात आले आणि 1948 पर्यंत राहिले. युद्ध संपल्यावर सैन्याकडची जादा यंत्रं बाजारात आली आणि छंदवाल्यांच्या हाती पडली. सुरुवात जीव वाचवण्यापासून झालेली आहे.

इंग्लंडमध्ये हे छंदवाले वाढले तेव्हा तिथंही पुरातत्त्ववाल्यांशी त्यांचं वाजलं. मग दोन गोष्टी झाल्या. 1979 च्या कायद्यानं संरक्षित जागी परवानगीविना यंत्र वापरणं हाच गुन्हा ठरवला. आणि 1996 च्या नव्या निधी कायद्यापाठोपाठ, 1997 पासून, इतर सापडलेल्या वस्तूंची स्वेच्छेनं नोंद करणारी योजना सुरू केली. जिल्ह्याजिल्ह्यांत एक अधिकारी, त्याच्याकडं वस्तू न्यायची. तो मोजतो, फोटो घेतो, जागा टिपतो आणि बहुतेक वस्तू परत देतो. आजवर 15 लाखांहून जास्त वस्तू अशा नोंदल्या गेल्या. 2009 मध्ये स्टॅफर्डशरच्या एका नांगरलेल्या रानात एका हौशी माणसाला अँग्लो-सॅक्सन काळातलं सोनं-चांदी मिळालं. त्यानं कळवलं, तज्ज्ञांनी उत्खनन केलं, किंमत 32 लाख 85 हजार पौंड ठरली. संग्रहालयांनी ती लोकवर्गणी आणि अनुदानांतून उभी केली आणि रक्कम सापडणाऱ्यात व जमीनमालकात वाटली गेली. रात्री चोरून खणणारे तिथं संपले, असं नाही. पण सरळ माणसाला सरळ वाट मिळाली. आपली जमीन वेगळी, आपली माणसं वेगळी, त्यामुळं सगळं उचलून आणा असं मी म्हणत नाही. गडकोटांच्या बाबतीत तर आपण त्यांच्याहून कडक व्हायला हवं. पन्हाळा 2025 मध्ये जागतिक वारसा झाला. तिथं यंत्र घेऊन फिरणाऱ्याला खणायच्या आधीच अडवता आलं पाहिजे. आजच्या नियमांत खोदकामाला बंदी आहे. यंत्राचं नाव घालून बंदी करा आणि मराठीत ठळक पाट्या लावा.

निखात निधीचा कायदा केंद्राचा आहे, मला ठाऊक आहे. दहा रुपयांची मर्यादा आणि धातूच्या भावानं मोबदला, या दोन गोष्टी बदलण्यासाठी आपण केंद्राकडं पाठपुरावा करावा. पण नोंदणीसाठी दिल्लीची वाट बघायचं कारण नाही. टाऊन हॉलचं संग्रहालय आपल्याच खात्याचं आहे. तिथं आठवड्यातून दोन दिवस एक जाणकार माणूस, एक वजनकाटा, एक कॅमेरा आणि एक नोंदवही एवढं पुरे. शिवाजी विद्यापीठात इतिहास शिकणारी मुलं आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथून चार दिवसांचं प्रशिक्षण देता येईल. आणलेल्या वस्तूची पोच लगेच मिळावी, त्यावर गट नंबर असावा, आणि "तुमच्या जमिनीवर यामुळं कोणतीही टाच येणार नाही" हे वाक्य छापलेलं असावं. शेतकऱ्याला खरी भीती त्याचीच आहे. खूपच महत्त्वाचं काही निघालं तर पुढची कारवाई कायद्यानं होईलच, पण सुरुवात धाकानं होऊ नये. गावात पोलीस पाटील आणि तलाठ्यांकडं एक पानी माहितीपत्रक द्या : काय उचलायचं, काय जागीच ठेवून कळवायचं, नाणं घासायचं नाही. मूर्ती, शिलालेख, वीरगळ (वीरांचे स्मृतिदगड), गधेगाळ (शापाचं चित्र कोरलेले जुने दगड) दिसले तर हात न लावता फोन कुणाला करायचा, हेही त्यात असू दे.

खर्च फार नाही. एका गडाच्या रोषणाईवर होतो त्यातल्या थोड्या पैशांत अख्ख्या जिल्ह्याचं काम भागेल.

येत्या गळीत हंगामाच्या आत ही सोय सुरू व्हावी, कारण ऊस तुटला की रानं उघडी पडतात आणि नांगरट सुरू होते. कोल्हापूर आणि आसपासचे आम्ही नाणी जमवणारे विनामोबदला मदतीला यायला तयार आहोत. वाचनाला, मोजमापाला, फोटोला, लागेल त्याला. माझ्या अर्जाची पोच या पत्राच्या मूळ प्रतीला जोडली आहे. शिवराई आणि तिची नोंद माझ्याकडं जपून ठेवली आहे, आपण सांगाल त्या दिवशी टाऊन हॉलमध्ये घेऊन येतो.

आपला नम्र,
करवीर तालुक्यातला एक शेतकरी आणि नाणी जमवणारा