बी विंगमधल्या मावशींना, बंडूच्या घरच्यांकडून

प्रिय मावशी, सप्रेम नमस्कार.

आमच्या बंडूला, म्हणजे आमच्या पक्ष्याला, कसं सांभाळायचं ते शिकवल्याबद्दल तोंडावर आभार मानले तर तुम्ही "पुरे गं, चहा टाक" म्हणून उडवून लावाल. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. सोसायटीत उद्या आणखी कोणी पक्षी आणला, तर त्यांच्याही कामी येईल.

बंडू आमच्याकडे आला तो गणपतीच्या तोंडावर. त्याचं आधीचं कुटुंब परदेशी निघालं होतं, त्यामुळे पिंजऱ्यासकट आला. तुम्हाला फोन केला तर तुमचा पहिला प्रश्न, "हिरवा, गळ्यात कंठ असलेला नाही ना?" आपला देशी पोपट घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, हे तुम्ही बजावलंत. बंडू कॉकटिएल, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट, मूळचा ऑस्ट्रेलियातला, असं कळल्यावरच तुम्ही चपला घातल्या.

आल्या आल्या पिंजऱ्याकडे नाही, छताकडे बघितलंत. "पिंजरा उघडायचा तर आधी पंखा बंद." आणि लगेच बटणाशेजारी चिकटपट्टीवर तसं लिहून टाकलंत. खिडकीतला पिंजरा हॉलच्या कोपऱ्यात आला, दोन बाजूंना भिंत मिळाली. आम्ही सगळे कौतुकाने भोवती उभे, आणि बंडूचा तुरा चपटा, फिस्कारणं चालू. तुम्ही म्हणालात, "तुम्ही एवढे जण टक लावून बघताय, त्याला वाटतंय घारी आल्यात." मग पिंजऱ्याला कूस देऊन बसलात आणि मोठ्याने पेपर वाचायला लागलात, बाजारभावासकट! झडप वरून येते, म्हणून हात नेहमी खालून न्यायचा. आणि तोही त्याचा तुरा सैल पडल्यावर. तोवर नुसतं शेजारी बसायचं. काहीही न करण्याचं हे काम आमच्या ह्यांना फार छान जमलं, हे जाता जाता सांगते.

ढोलपथकांच्या सरावाने तो रात्री पिंजऱ्यात धडपडायचा. कॉकटिएल अंधारात फार दचकतात म्हणून तुम्ही झिरोचा बल्ब लावायला सांगितलात. तेवढ्याने पुष्कळ फरक पडला.

पण मावशी, खरे आभार आरतीबद्दल. पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक, धूप-कापूर त्यांना सोसत नाही, हे सासूबाईंना सांगायची माझी छाती नव्हती. तुम्ही त्यांच्याशेजारी बसून आधी उकडीच्या मोदकांची चौकशी केलीत, मग हळूच बंडूचा विषय काढलात. शेवटी सासूबाईंनीच ठरवलं की आरतीच्या वेळी बंडू आतल्या खोलीत, दार बंद, आणि धूर पूर्ण गेल्यावरच बाहेर. नॉनस्टिक तवाही त्यांनीच माळ्यावर टाकला. तो जास्त तापला की त्याच्या वाफेने पक्षी दगावतो, हे त्या आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. डासांची अगरबत्ती तर घरातून हद्दपारच झाली.

खाण्याची गोष्ट अजून संपलेली नाही. आधीच्या घरी तो नुसत्या दाण्यांवर होता. दाणे एकदम तोडले तर उपाशी राहील, भाजी हे खाणं आहे हेच त्याला ठाऊक नाही, असं तुम्ही समजावलंत. म्हणून आम्ही त्याच्यासमोर किसलेलं गाजर आणि मेथी चवीने खातो. थव्यातला प्राणी, चारचौघांचं बघून खातो म्हणे. गाजर आता चोचीत धरतो. लाल भोपळा मात्र अजून खाली फेकतो. शेवग्याचा पाला आवडला. राळ्याचं कणीस फक्त हातावर आला तरच, हा तुमचा नियम पाळतोय. अॅव्होकाडो आणि चॉकलेट विषासमान, हे फ्रिजवर लिहिलंय, कारण पाहुण्यांचा नेम नाही.

आणि ती वजनाची वही! पक्षी आजार लपवतो, पिसांत हाडं दिसत नाहीत, म्हणून रोज सकाळी खाण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. दहा टक्के उतरलं तर थेट पक्ष्यांच्या डॉक्टरकडे. आधी हे मला अति वाटलं होतं, आता वही भरल्याशिवाय चहा होत नाही. सध्या ९२ ग्रॅम.

दिवाळीत आम्ही गावी जातोय. फटाक्यांत त्याला प्रवास नको, म्हणून बंडू तुमच्याकडेच राहील असं सासूबाईंनी परस्पर ठरवलंय. वही, काटा आणि शेवग्याची जुडी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आणून देते. भोपळा तुम्हीच खायला लावा.

तुमची,
ए विंगमधली, बंडूची आई