मोगऱ्याचे पाणी आत्ता तोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फाल्गुनात अंगणात मोगरा फुलायला हवा असेल, तर त्याची तयारी पौषातच करावी लागते. बागेविषयी छापून येणारे बहुतेक सल्ले पुण्या-नाशिकच्या हवेला धरून असतात. जळगाव-धुळ्याकडे ते वेळापत्रक उशिराचे ठरते. आपल्याकडे मार्चच्या उत्तरार्धातच पारा चाळिशीकडे सरकतो आणि उशिरा धरलेल्या कळ्या उमलण्याआधीच करपतात.

खरे तर खानदेशातल्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. लिंबू-मोसंबीचा आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, हे इथला शेतकरी जाणतो. मोगऱ्यालाही हेच लागू पडते. पण रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या ठिबकची नळी अंगणापर्यंत येते आणि मोगऱ्यालाही केळीसारखे रोज पाणी आणि युरिया मिळत राहतो. मग वेलासारखे लांब फोक, तळहाताएवढी पाने, आणि कळी मात्र नाही! अशी झाडे घरोघरी दिसतात आणि ‘जात खराब निघाली’ म्हणून उपटली जातात. याचे फार वाईट वाटते.

ताण किती द्यायचा हे जमिनीवर ठरते. काळ्या भारी जमिनीत वीस-पंचवीस दिवस लागतात, मुरमाड जागेत दहा-बारा, कुंडीत चार-पाच दिवस पुरे. दिवस मोजण्यापेक्षा झाड बघावे. दुपारी पाने मलूल होतात, संध्याकाळी सावरतात, खालची पिवळी पडून गळतात, हा ताण बरोबर बसल्याचा पुरावा. सकाळीही पाने मान टाकून असतील तर ताण जास्त झाला, लगेच पाणी द्यावे. दीड-दोन वर्षांच्या आतल्या रोपाला ताण देऊच नये.

काळ्या जमिनीत एक धोका असतो. पाणी तोडले की भेगा पडतात आणि त्या भेगांत मोगऱ्याची बारीक पांढरी मुळे तुटतात. म्हणून दादरीत (रब्बी ज्वारीत) कोळपणी करतो तशी आळ्यातली वरची दोन बोटे माती खुरप्याने हलवून भेगा बुजवत राहावे. ही कोळपणी चुकली तर ताण देऊन फायद्याऐवजी तोटाच होतो.

ताण संपताना, पाणी देण्याआधी छाटणी करावी. जमिनीपासून दीड ते दोन फूट ठेवून बाकी फांद्या धारदार कात्रीने डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या जागेच्या) वर कापाव्यात. वाळलेल्या व पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या मुळापासून काढाव्यात, उरलेली पाने हाताने ओरबाडून टाकावीत. मोठ्या झाडाला चार-पाच किलो पूर्ण कुजलेले शेणखत, दोनशे ग्रॅम निंबोळी पेंड आणि शंभर ग्रॅम सुपर फॉस्फेट मातीत मिसळावे. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर वाळवी आणि हुमणी येते. पहिले पाणी अर्धी बादलीच, तिसऱ्या दिवशी पोटभर. जानेवारीच्या मध्यापर्यंत हे उरकले, तर फेब्रुवारीच्या शेवटी नव्या फुटीच्या शेंड्यावर कळ्या दिसू लागतात. फुले संपलेला शेंडा दोन पेरे खाली खुडला की पुन्हा फूट येते. झाडाला पाच-सहा तास थेट ऊन मात्र हवेच.

नव्या फुटीची पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर खत कमी पडले असे समजून युरिया टाकू नये. चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यामुळे झाडाला लोह घेता येत नाही, त्याची ही खूण. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर लिंबूसत्व विरघळवून संध्याकाळी फवारावे, पंधरा दिवसांनी पुन्हा. द्रावण ताजेच वापरावे, तांबूस पडलेले निकामी होते. फरशीवर उडाले तर गंजासारखे डाग पडतात.

कळी जांभळट होऊन तिला भोक दिसले, तर आत अळी आहे. अशा कळ्या, खाली पडलेल्याही, वेचून नष्ट कराव्यात. पन्नास ग्रॅम निंबोळीचा भरडा रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, गाळून केलेला अर्क कळ्या बारीक असतानाच फवारला तर उपयोग होतो. भोके पडल्यावर नाही.

मोगऱ्याशेजारी पिटुनिया, फ्लॉक्स अशा हंगामी फुलांची रोपे नोव्हेंबरात लावली असतील तर ती माघात भरात असतात. सुकलेली फुले बोंडासकट खुडली नाहीत, तर झाड बी धरते आणि फुलणे थांबते. मार्चमध्ये दुपारी हिरवी जाळी धरली, की बहर थोडा लांबतो.

आपल्याला विनंती आहे की, पुरवणीत खानदेशच्या हवेला धरून महिनावार बागकामाची माहिती द्यावी. धुळ्याचे कृषी महाविद्यालय, पालचे कृषी विज्ञान केंद्र यांच्या तज्ज्ञांकडून ती लिहून घेता येईल. मोगऱ्याचा मजकूर मात्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात छापावा. वसंत पंचमीला छापून त्या वर्षी कोणाला त्याचा उपयोग होणार नाही.

आपले,
परसबागेत फुलझाडे जोपासणारे काही वाचक, भुसावळ