शनिवारी मुलांना घेऊन मासेमारी: बडे माका स्का तलाव

मंडळी, येत्या शनिवारी सकाळी ७ वाजता मिनियापोलिसच्या बडे माका स्काच्या फिशिंग डॉकवर भेटायचंय. हा मिनेसोटाचा 'टेक अ किड फिशिंग' वीकेंड आहे, म्हणजे १५ किंवा त्याहून कमी वयाचं पोर सोबत मासे पकडत असेल तर मिनेसोटात राहणाऱ्या मोठ्यांना लायसन लागत नाही, पण एकटे आलात तर लागेलच, ते आधीच काढून ठेवा.

- रॉड, टोपी, पाणी, सनस्क्रीन आपापलं. छोट्यांना लाइफ जॅकेट हवंच, यावर वाद नको.
- शिशाची वजनं प्लीज आणू नका, एक गिळलं तरी लून पक्षी मरतो, टिनची मिळतात.
- उरलेली गांडुळं कचऱ्याच्या डब्यातच टाका. मातीत सोडली तर काय बिघडतं असं वाटेल, पण ती इथली मूळची नाहीत आणि जंगलात पडलेला पालापाचोळा खाऊन खालची रोपंच संपवतात.
- तलावात झेब्रा मसल (पाण्यातून आणि सामानाला चिकटून पसरणारे उपद्रवी परदेशी शिंपले) आहेत, बादलीतलं पाणी तिथेच ओता, सामान धुऊन वाळवल्याशिवाय दुसऱ्या तलावावर नेऊ नका.

सनफिश, क्रॅपी लागतील, हात ओला करून धरा आणि लगेच सोडा. किती मुलं येणार ते गुरुवारपर्यंत कळवा.