गोळी घेतली का, एवढंच विचारून भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वर्षातून दोनदा घ्यायच्या एचआयव्ही प्रतिबंधक इंजेक्शनचं, लेनाकापाविरचं, सध्या खूप कौतुक चाललंय आणि ते व्हायलाच हवं. २०२४ मधे दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या ट्रायलमधे, म्हणजे औषधाच्या चाचणीत, ते घेणाऱ्या २१३४ मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही. पण त्याच भागात आधी काय घडलं होतं ते कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

२००९ मधे व्हॉइस नावाची ट्रायल सुरू झाली, ५०२९ बायका, एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज गोळी घ्यायची नाहीतर योनीत लावायचं औषधी जेल वापरायचं. ९१ टक्के बायका फॉलो-अपला टिकल्या, विचारलं की गोळ्या घेतो म्हणायच्या, परत आणलेल्या गोळ्या मोजल्या तरी हिशोब जवळपास जुळायचा. नंतर रक्त तपासलं तर जेमतेम २५ ते ३० टक्के नमुन्यांत औषध सापडलं! निम्म्या बायकांच्या रक्तात तर एकदाही नाही.

यावर "बायका खोटं बोलल्या" म्हणून मोकळं होणं मला अजिबात पटत नाही. मी पुण्यात बरीच वर्षं एचआयव्हीची काउन्सेलर होते. गोळ्यांची बाटली पर्समधे खुळखुळते म्हणून तिच्यात कापूस कोंबून नेणाऱ्या बायका मी पाहिल्यात. तिकडे आफ्रिकेतही तेच, ही औषधं एचआयव्ही झालेले लोक घेतात, मग गोळी दिसली की हिलाच झालाय म्हणणार, नवरा संशय घेणार, आणि त्यात साईड इफेक्टच्या अफवा. हे सगळं त्या बोलल्या, पण कधी, तर ट्रायल संपल्यावर त्यांचेच रक्ताचे रिपोर्ट समोर ठेवून परत विचारलं तेव्हा. आधी खरं सांगितलं तर ओरडा बसेल, नाव काढून टाकतील असं वाटत असेल तर कोण सांगणार?

याउलट केनिया-युगांडात जोडप्यांची ट्रायल झाली, एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही आणि दोघांनाही ते माहीत, तिथे बहुतेकांच्या रक्तात औषध सापडलं आणि लागण ७५ टक्क्यांपर्यंत कमी झाली. घरात लपवायचं नसलं की किती फरक पडतो बघा. आपल्या पुण्यातली जोडपीसुद्धा एचपीटीएन ०५२ या मोठ्या ट्रायलमधे होती, एचआयव्ही असलेल्याला लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्के कमी होते हे २०११ मधे त्यातूनच जगाला कळलं, पण त्यांचं कौतुक करायचं कुणाला सुचलं नाही.

इंजेक्शन आलं म्हणून हा प्रश्न मिटला असं समजू नका, सहा महिन्यांनी परत यायचंच आहे. ट्रायल चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की रक्ताचा रिपोर्ट चालू ट्रायलमधेच त्या बाईला दाखवा, न रागावता. काउन्सेलर सारखे बदलू नका. रोजंदारी बुडणार नाही अशा वेळेला बोलवा. आणि औषध लागू पडलं तर ते सगळ्यात आधी त्यांनाच मिळेल हे पहिल्या दिवशी लेखी द्या. तुमच्या बातमीदारांनाही विनंती, अशा लोकांना 'गिनीपिग' लिहू नका, तो शब्द वाचून घरचे त्यांना पुढच्या तारखेला पाठवत नाहीत.

आपली,
एक निवृत्त काउन्सेलर, पुणे