सर क्रीकची रेघ राहू दे, आधी खलाशांचं बघा: परराष्ट्रमंत्र्यांना खुलं पत्र

मा. परराष्ट्रमंत्री डॉ. एस. जयशंकर साहेब,

सप्रेम नमस्कार.

कोथरूडात बसून समुद्राच्या हद्दीवर पत्र लिहिणारा हा कोण, असं वाटेल तुम्हाला. तर आम्ही मूळचे डहाणूकडचे, नोकरीमुळे पुण्यात. आमच्या भागातली पोरं दरवर्षी सीझन सुरू झाला की उचल घेऊन वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. त्यातली काही परत येत नाहीत, कराचीच्या जेलमध्ये पोचतात. घरच्यांना कळतं ते बोटमालकाच्या फोनवरून, की बोट पकडली गेली. उचल तर पावसाळ्यातच संपलेली असते, मग बाईने मजुरीला जायचं आणि वाट बघायची.

दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात; १ जुलै २०२५ ला पाकिस्तानने जी यादी दिली त्यात आपले १९३ मच्छीमार होते आणि आपल्या यादीत त्यांचे ८१. खरं तर समुद्र कायद्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम ७३ सांगतं की दुसऱ्या देशाच्या आर्थिक क्षेत्रात (म्हणजे जिथल्या माशांवर त्याच देशाचा हक्क असतो त्या समुद्रात) मासे पकडले म्हणून, तसा वेगळा करार नसेल तर, तुरुंगात टाकता येत नाही. दोन्ही देशांनी त्यावर सह्या केल्यात. पण सर क्रीकपुढच्या समुद्रात रेघच ठरलेली नाही तर कोण कुणाच्या पाण्यात हे ठरवणार कोण? ज्याच्याकडे बंदूक तो.

ही रेघ का ठरत नाही तेही गमतीदार आहे. सर क्रीक म्हणजे कच्छ आणि सिंधच्या मधली ९६ किमीची चिखलाची खाडी, भांडण १९१४ च्या एका कागदावरून, आणि तो कागद आपल्याच जुन्या मुंबई सरकारचा. त्याच्या नकाशावर हद्दीची हिरवी रेघ पूर्वेच्या काठावर आहे म्हणून पाकिस्तान म्हणतो अख्खी खाडी आमची, आपण म्हणतो हद्द खाडीच्या मधून. त्यात खाडीच सरकत राहते. २००७ ला दोघांनी मिळून सर्व्हे केला, २०१२ ला दिल्लीत चर्चेची शेवटची फेरी झाली आणि तेव्हापासून सगळं बंद.

बांगलादेशबरोबर आपण लवादात गेलो, २०१४ च्या निकालात वादातल्या २५,६०२ चौ. किमीपैकी १९,४६७ त्यांना गेले, आपण निमूट मानलं, आणि काही आभाळ कोसळलं नाही. पाकिस्तानच्या बाबतीत मात्र आपल्याला तिसरा माणूस नको, सिमला करारापासून तीच भूमिका आहे, आणि ती मला पटते. पण मग साहेब, लवाद नाही, सरकारी चर्चा बंद, तर उरलं काय? बिनसरकारी माणसांनी बोलणं, एवढंच ना.

पहलगामनंतर हे बोललं की लोक अंगावर येतात, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर लगेच देशद्रोही ठरवतात. त्यांचा राग मी समजू शकतो. संरक्षणमंत्री राजनाथसिंहांनी २०२५ च्या दसऱ्याला भूजमध्ये सर क्रीकवरून इशारा दिला, तोही द्यायलाच हवा होता. पण इशारा अतिरेक्यांना आणि त्यांच्या लष्कराला आहे, दोनशे खलाशांशी त्याचा काय संबंध?

आणि अशा बोलण्याने चमत्कार होतो असं मी म्हणतच नाहीये. इंडोनेशियाचे मुत्सद्दी हाशिम जलाल यांनी १९९० पासून दक्षिण चीन समुद्रावर बैठका भरवल्या, अधिकारी यायचे पण 'खासगी' म्हणून. बेटं कुणाची हा विषय बाजूला ठेवून प्रवाळ, हवामान, समुद्राची पातळी असलं बोलायचे. चीन आजही तिथे दादागिरी करतोच. पण एकमेकांची तोंडं ओळखीची झाली. आपल्याकडचंच घ्या, २०१४ ला तमिळनाडू आणि श्रीलंकेचे मच्छीमार चेन्नईत आणि कोलंबोत समोरासमोर बसले. आपल्याकडे सगळे कच्चातीवूच्या (श्रीलंकेकडे गेलेल्या बेटाच्या) नावाने ओरडत असतात, तिथे मात्र श्रीलंकेतले जाफन्याकडचे लोक म्हणाले की तुमचे ट्रॉलर तळ खरवडून नेतात, ते थांबवा. तोडगा नाही निघाला, पण दुखणं रेघेचं कमी आणि जाळ्याचं जास्त आहे हे मच्छीमारांच्याच तोंडून आलं.

म्हणून मागणी साधी आहे. दोन्हीकडच्या रिटायर्ड जजांची कैद्यांसाठी समिती होती, आपले जज तिकडे शेवटचे गेले २०१३ ला. ती पुन्हा उभी करा, पाकिस्तानने टाळलं तर दर सहा महिन्यांनी यादी देताना परत विचारा. कोस्ट गार्डची २००५ पासूनची हॉटलाइन आहे, तिच्यावर पकडलेल्या बोटीची खबर त्याच दिवशी यावी एवढं बघा. आणि तुमचं मंत्रालय पुणे इंटरनॅशनल सेंटरबरोबर इथे एशिया इकॉनॉमिक डायलॉग भरवतं ना, सूटबूटवाले बरेच येतात, त्यात एक सेशन समुद्राच्या हद्दींवर ठेवा आणि स्टेजवर वेरावळचा एखादा तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, बसवा. हिंदी येते त्यांना, दुभाषा लागणार नाही.

आपला,
एक पुणेकर (मूळ गाव डहाणूकडे)