पंगतीतली जागा

मखमलाबाद, नाशिक
14 नोव्हेंबर 2025

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू सगळे सांगून टाकलेस आणि ‘जाऊ द्या आप्पा, झोपा आता’ म्हणून फोन ठेवलास. मला झोप लागली नाही. पुण्यातल्या तुझ्या खोलीतल्या मुलीने तुझ्या सामानात मधुमेहाच्या इन्सुलिनची सिरिंज पाहून घरमालकीण बाईंना सांगावे, त्यांनी तुला ‘कसली नशा करतेस’ असे सर्वांसमोर विचारावे आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्यावरही ‘हे लागण होणारे तर नाही ना’ म्हणून तुझा पेला वेगळा ठेवायला सांगावे, हे ऐकून मला संताप आला. पण खरे मनाला लागले ते तू जाता जाता बोललीस ते. ऑफिसात दुपारचे इंजेक्शन तू स्वच्छतागृहात जाऊन घेतेस, म्हणजे कोणाच्या डोळ्यावर येत नाही, असे तू म्हणालीस. मुक्ता, ती सवय तुला मी लावली. हे पत्र मुख्यतः त्यासाठी लिहितो आहे.

तुला आठवत असेल, तुझ्या आत्याच्या मुलीच्या लग्नात पंगत बसली होती आणि तू पानासमोर बसूनच फ्रॉकचा काठ जरा वर करून मांडीत सुई टोचायला लागली होतीस. बारा वर्षांची होतीस तेव्हा. समोरच्या दोन बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, आणि मी उठून तुझा दंड धरला, ‘आत जा, बाथरूममध्ये घे’ असे दबक्या आवाजात म्हणालो. तू काही न बोलता गेलीस. परत आलीस तेव्हा तुझे पान उचलले गेले होते, इंजेक्शन मात्र घेऊन झाले होते, आणि तुझी आई धावत जाऊन भात घेऊन आली. इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबले तर काय होते हे मला पुरते ठाऊक होते. तरीही त्या क्षणी मला तुझ्या साखरेपेक्षा त्या दोन बायकांची नजर मोठी वाटली. दहा वर्षे झाली, मी ते तुझ्याजवळ कधी बोललो नाही. आज कबूल करतो.

तुझा आजार कळला तो महिना आपल्या भागात कोणी विसरणार नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली आणि काढणीला आलेला द्राक्षांचा माल वेलींखाली चिखलात पडला. त्या धावपळीत तू रात्री चार-चार वेळा उठतेस, तांब्याने पाणी पितेस, शाळेचा गणवेश तुझ्या अंगावर लोंबायला लागला आहे, हे आईला दिसले, मला दिसले नाही. उलट्या सुरू झाल्या आणि श्वास खोल, जोराचा झाला तेव्हा रुग्णालयात नेले, तर मशिनवर साखर 500 च्या वर. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे समजावले की शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट केल्या आहेत, याला पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात, तो गोड खाण्याने होत नाही, आणि आता इन्सुलिन बाहेरूनच द्यावे लागेल.

त्यानंतर महिनाभर घरी माणसे येत राहिली. बागेचे नुकसान पाहून प्रत्येकजण हळहळला. ‘गार पडली यात तुझा काय दोष’, असेच सगळे मला म्हणाले. तीच माणसे ओसरीवरून घरात आली की विचारायची, ‘पोरीला एवढे काय गोड खाऊ घातले?’ तुझ्या आईने हे किती वेळा ऐकले असेल! एकाच महिन्यात दोन्ही संकटे आभाळातून पडावीत तशी पडली, पण एकाला लोक दैव म्हणाले आणि दुसऱ्याला आईचा हलगर्जीपणा. (मोठ्या वयात ज्यांना दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होतो, त्यांच्याही ताटाकडे बोट दाखवणे मला आता पटत नाही. त्यात घराण्याचा भाग असतो, वयाचा असतो, आणि दुखणाईताला बोल लावून त्याची साखर उतरल्याचे मी तरी कधी पाहिलेले नाही.)

बोलणारे एक वेळ परवडले, उपाय सांगणारे जास्त घातक निघाले. कारल्याचा रस, मेथीचे पाणी इथपर्यंत ठीक होते. पण ‘इन्सुलिनची सवय लागते, मग ते जन्मभर सुटत नाही’ हे वाक्य मला इतक्या जणांनी ऐकवले की मी डळमळलो आणि तुला एका पुडीवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने पुड्या दिल्या आणि इन्सुलिन निम्मे करायला सांगितले. तिसऱ्या दिवशी तू पुन्हा त्याच रुग्णालयात, त्याच वॉर्डात होतीस. जे शरीर एक थेंबही इन्सुलिन बनवत नाही, त्याला इन्सुलिनची सवय लागते म्हणणे म्हणजे पिकाला पाण्याची सवय लागते म्हणण्यासारखे आहे, हे मी, जन्मभर शेती केलेल्या माणसाने, स्वतःच्या बुद्धीने ओळखायला हवे होते. लोकांच्या तोंडाकडे पाहून चाललो की चूक किती महाग पडते, हे मी तुझ्या जिवावर शिकलो.

आणि तू काय शिकलीस ते सांगतो, कारण तुला स्वतःला ते कधी मोठे वाटलेले नाही. आठवीत असताना तू एकटी पंचवटीतल्या औषधांच्या दुकानातून सिरिंज आणायला गेली होतीस. दुकानदाराने घाईत नारिंगी टोपणाच्या दिल्या. तू तिथेच उभी राहून म्हणालीस, ‘काका, आमची बाटली 40 युनिटची आहे, आम्हाला लाल टोपणाची लागते, ही 100 ची आहे.’ 40 चे इन्सुलिन 100 च्या सिरिंजने 10 च्या खुणेपर्यंत भरले तर पोटात 4 च युनिट जातात, हे तुला त्या वयात पाठ होते. तो दुकानदार पुढे मला भेटला तेव्हा त्याने हे कौतुकाने सांगितले. उन्हाळ्यात भारनियमनामुळे फ्रिज तासन्‌तास बंद असायचा तेव्हा मोठ्या मडक्यात लहान मडके, मध्ये ओली वाळू आणि आत घट्ट झाकणाच्या डबीत इन्सुलिनची बाटली, अशी सोय आईने केली होती. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचे काम तू कोणालाही करू दिले नाहीस.

काल मी हिशेब मांडून पाहिला. दिवसाची 4 इंजेक्शने धरली तर वर्षाची 1460 होतात आणि अकरा वर्षांची 16,000 हून जास्त. बोट टोचून साखर तपासणे यात धरलेले नाही. आपल्याकडे कष्ट म्हटले की लोकांना खांद्यावरचा फवारणी पंप दिसतो, छाटणीच्या कात्रीने हाताला पडलेले घट्टे दिसतात. मीही बागेत पहाटेपासून राबतो, पण अमावास्या असते, लग्नकार्य असते, आजारपण असते, त्या दिवशी काम गड्यावर सोपवता येते. तुझ्या कामाला अकरा वर्षांत एकही सुट्टी पडलेली नाही आणि ते गड्यावर सोपवताही येत नाही. ते करून तू बारावी झालीस, पदवी घेतलीस, मुलाखत देऊन नोकरी मिळवलीस. कोणी तुला ‘बिचारी’ म्हणाले की मला हा आकडा त्याच्यासमोर ठेवावासा वाटतो.

आता एक रागावण्याची गोष्ट. तू पहिल्या पगारातून पाच हजार पाठवलेस आणि ‘यापुढे माझी औषधे, साखर तपासायच्या पट्ट्या सगळे माझे मी पाहीन’ असे लिहिलेस, ते पत्र आईने देव्हाऱ्यात ठेवले आहे. पण तू फोनवर पाठवतेस त्या साखरेच्या नोंदी मी रोज पाहतो. ऑक्टोबरपर्यंत दिवसाच्या चार नोंदी असायच्या, आता दोन असतात, कधी एकच. तू पट्ट्या वाचवते आहेस, हे मला कळते. एका पट्टीचे वीस-बावीस रुपये जातात हेही मला ठाऊक आहे. पण पावसाळी हवा असताना फवारणीचा खर्च वाचवला आणि डावणी रोगाने घड गेले, अशा बागा आपण आपल्या शिवारात पाहिल्या आहेत. साखर न तपासता अंदाजाने इन्सुलिन घेणे हे स्वावलंबन नव्हे. पाच हजार पाठवू नकोस. त्यातून आधी पट्ट्या घे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसी तपासणी या महिन्यात करायची आहे, ती चुकवू नकोस, आणि आकडा वाढलेला आला तरी मला खरा सांग. मी रागावणार नाही. आपण काढणीच्या आधी मणी पिळून रिफ्रॅक्टोमीटरवर साखर बघतो, 16 भरली की 18 भरली, आणि त्यावरून पुढचे ठरवतो. वेलीला कोणी शरम वाटायला लावत नाही. तुझ्या आकड्याकडेही मी तसाच पाहीन.

स्वावलंबनाचा आणखी एक अर्थ मी तुझ्याकडूनच शिकलो, आणि पुण्याला गेल्यावर तोच तू विसरलीस असे मला वाटते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तू निमाणी बसस्थानकावर बस बदलायचीस. तिथल्या चहावाल्याला तू पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवले होतेस की, ‘मला मधुमेह आहे, मी कधी घामाघूम झालेली, बरळताना दिसले तर मला तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या.’ मला तेव्हा ते आवडले नव्हते. रस्त्यावरच्या माणसाला कशाला सांगायचे, असे मी म्हणालो होतो. जानेवारीत एका सकाळी तुझी साखर 70 च्या खूप खाली गेली, तू बाकावर बसलीस आणि तुला बॅगेची चेन उघडता येईना. आजूबाजूच्या बायका ‘उपास असेल’, ‘मुलींची नाजूक तब्येत’ असे बोलत उभ्या राहिल्या. चहावाला गिऱ्हाईक सोडून साखरपाणी घेऊन आला, पंधरा मिनिटे तुझ्याजवळ थांबला, तुझ्याकडून मशिनवर पुन्हा तपासून घेतले आणि मग मला फोन केला. दुसऱ्या दिवशी तू त्याला पैसे द्यायला गेलीस, त्याने चहाचे घेतले, साखरेचे घेतले नाहीत.

ज्याला माहीत होते तो उपयोगी पडला. म्हणून ऑफिसात शेजारी बसणाऱ्या दोघांना तरी सांग. बॅगेच्या कोणत्या कप्प्यात ग्लुकोज आहे ते दाखव. बेशुद्ध झाले तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या, हे बजावून ठेव. घरमालकीण बाईंशी मी बोलू का असे आईने विचारले. मी नको म्हणालो, कारण ते तू माझ्यापेक्षा चांगले बोलशील. ऐकून घेतले तर उत्तम. नाही ऐकले तर दुसरी खोली शोध. अनामत रकमेची सोय मी करून ठेवली आहे आणि ती तू हप्त्याने परत करशील हेही मला माहीत आहे, म्हणून त्याला मदत न म्हणता उसनवार म्हण.

स्थळांच्या बाबतीत तुझ्या मामाने पुन्हा सुचवले की आधी सांगू नये, लग्न ठरल्यावर बघू. मी या वेळी स्पष्ट नाही म्हणालो. पहिल्या भेटीतच सांगायचे, आणि तेही तू, तुझ्या शब्दांत. ज्या घरात तुला भांड्याआड सुई लपवावी लागेल, त्या घरात तुला पाठवायला मी तयार नाही. तू राहशील आमच्याजवळ किंवा पुण्यात, स्वतःच्या पगारावर, ताठ मानेने. तुझी आई या वाक्यावर रडली, पण तिचेही मत तेच आहे.

आज बालदिन, आणि आजच जागतिक मधुमेह दिनही. इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंग यांचा हा जन्मदिवस. 1922 च्या जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. पहिले इंजेक्शन नीट लागू पडले नाही, बारा दिवसांनी अधिक शुद्ध केलेले दिले आणि मुलगा सावरला. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नव्हते. पेटंटचे हक्क बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले. तुला आवडणाऱ्या क्रिकेटमधलेच सांगायचे तर वसीम अक्रमला 1997 मध्ये मधुमेह असल्याचे कळले आणि त्यानंतरही तो 2003 पर्यंत पाकिस्तानसाठी गोलंदाजी करत राहिला. हे सगळे तू माझ्या आधी वाचले असशील. मी सांगतो अशासाठी की ज्या बाटलीला तू ऑफिसच्या टेबलावर ठेवायला लाजतेस, तिच्यासाठी माणसांनी काय काय केले आहे ते मला अलीकडेच कळले, आणि वाचताना तुझा तो रुग्णालयातला पहिला आठवडा माझ्या डोळ्यांपुढे होता.

बाग फुलोऱ्यात आहे, म्हणून मला लगेच पुण्याला येता येत नाही. आईने मेतकूट, खारे शेंगदाणे आणि तुझे जुने ग्लुकोमीटर जास्तीचे असावे म्हणून पाठवले आहे. त्याचा सेल बदलला आहे.

फेब्रुवारीत तुझ्या चुलतभावाचे लग्न आहे. तेव्हा रजा काढून ये. पंगतीला तू आधीच्या रांगेत बस, पान वाढून झाले, पुरणपोळी किती घ्यायची ते ठरले की तिथेच, पानासमोर, तुझे इंजेक्शन घे. तुझ्या शेजारच्या पानावर मी बसणार आहे.

तुझे,
आप्पा